वाटणीआधी मोजणी, मोजणीआधी हिशेब

मंडळी, घराची वाटणी म्हटली की आपण पहिल्याने काय करतो? वडीलधाऱ्यांना बोलावतो, चहा ठेवतो आणि "हा मजला तुझा, तो मजला माझा" असे ठरवून मोकळे होतो. मोजणीचे नाव कोणी काढलेच तर उत्तर मिळते, "घरातल्या घरात टेप कशाला लावायची?" पुढे दहा वर्षांनी गच्ची कोणाची, जिन्याखालची जागा कोणाची, यावरून तीच भावंडे कोर्टाची पायरी चढतात. म्हणून आज वाटणीपूर्वीच्या मोजणीबद्दल आणि तिच्यासाठी पैसे कसे बाजूला काढावयाचे याबद्दल चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

उदाहरणासाठी ठाण्याजवळचे बाळकुम घेऊ. कशेळीच्या पुलाच्या अलीकडे, ठाणे-भिवंडी रस्त्यावरचे हे जुने गाव. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली आणि अशी खेडी शहराच्या हद्दीत आली. समजा, इथे तीन भावांच्या वडिलांनी बांधलेली तीन मजल्यांची इमारत आहे. दर मजल्यावर दोन, अशी सहा बिऱ्हाडांची घरे आहेत. थोरल्याला रस्त्यालगतचा तळमजला, मधल्याला पहिला मजला आणि धाकट्याला दुसरा मजला द्यावयाचा आहे. आता खर्च किती येईल?

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. अशा वाटणीत मोजण्या दोन असतात. एक जमिनीची, दुसरी इमारतीची. जमिनीची मोजणी सरकारचे भूमी अभिलेख खाते करते. इमारत मोजावयाची ती वास्तुविशारदाने. एकाचा नकाशा दुसऱ्याच्या कामाला पुरत नाही. सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर जमिनीचे क्षेत्र असते, "दुसऱ्या मजल्यावरची डावीकडची खोली" तिथे सापडत नाही. पुष्कळ लोक एकाच मोजणीचे पैसे धरतात आणि अर्ध्या वाटेवर अडतात ते इथेच.

जमिनीच्या मोजणीतही फरक आहे. जमिनीचेच तुकडे पाडावयाचे असतील तर पोटहिस्सा मोजणी लागते. पण आपल्या तीन भावांची जमीन फुटत नाही. ती सर्वांची सामाईकच राहते, वाटले जातात ते मजले. त्यांना हवी ती हद्द कायम मोजणी, म्हणजे आपल्या जागेच्या चारही कडा नेमक्या कुठे आहेत हे पक्के करणारी. अर्जात चुकीचा प्रकार लिहिला तर फी जाते, महिनेही जातात.

फीचे दर १ डिसेंबर २०२४ पासून बदलले. मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले. महानगरपालिका आणि नगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला ३,००० रुपये आणि द्रुतगतीला १२,००० रुपये असा दर ठरला. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत तेच आकडे २,००० आणि ८,००० असे आहेत. घाई चौपट महाग पडते, हे पाहा! ज्याने वेळेवर अर्ज केला त्याने तेवढे पैसे वाचवले. अर्थात दर पुन्हा बदलू शकतात, तेव्हा पैसे भरण्याआधी कार्यालयात विचारून घ्यावे.

फीखेरीज किरकोळ खर्चही धरा. झाडोरा तोडायला माणसे लागतात, हद्दीच्या खुणांसाठी दगड लागतात. शेजाऱ्यांना मोजणीची नोटीस जाते. त्या दिवशी त्यांना आपणहून हाक मारा. त्यांच्यादेखत रोवलेला दगड सहसा कोणी उपटत नाही. मोजणीनंतर नकाशाची 'क' प्रत मिळते, ती जपून ठेवा.

आता इमारतीकडे वळू. महाराष्ट्रात १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा आहे. पाच किंवा अधिक घरांची इमारत त्याखाली आणता येते. घोषणापत्र नोंदवावे लागते आणि सोबत प्रत्येक घराचा क्रमांक, जागा आणि मापे दाखवणारे नकाशे वास्तुविशारदाच्या दाखल्यासह द्यावे लागतात. घर ज्याचे त्याचे होते. पण जमीन, पाया, जिना अशा सामाईक गोष्टींत प्रत्येकाचा शेकडा हिस्सा ठरतो आणि त्यांची वाटणी मागता येत नाही. हा शेकडा नुसत्या चौरस फुटांवर ठरत नाही, घराच्या किमतीवर ठरतो. पुढे दुरुस्तीचा, पाण्याच्या पंपाचा, रंगाचा खर्चही याच हिश्श्याने वाटला जातो. तेव्हा मापात आज झालेली चूक नातवंडांपर्यंत पैसे मोजायला लावते. पाचांहून कमी घरे असतील तर वाटणीपत्र नोंदवावे आणि त्याला मापांचा नकाशा जोडावा.

माप आतून घ्यावयाचे की बाहेरून, हेही आधी ठरवा. बाहेरून २० फूट बाय २५ फूट असलेले घर ५०० चौरस फूट भरते. त्याच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची असतील तर आतली मापे साडेअठरा आणि साडेतेवीस फूट होतात. गुणाकार येतो सुमारे ४३५. म्हणजे ६५ चौरस फूट भिंतीतच गेले! २०१६ च्या रेरा कायद्यातले चटई क्षेत्र बाहेरच्या भिंती सोडून मोजतात, आतल्या आडभिंती मात्र धरतात. एका भावाचे घर आतून आणि दुसऱ्याचे बाहेरून मोजले की भांडणाचे बी पेरले गेलेच म्हणून समजा.

इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक खर्च धरा. महानगरपालिका हद्दीत अशा इमारतीची मजबुती नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासून घेणे कायद्याने आवश्यक आहे. खिळखिळे घर वाटून घेण्यात काय हशील?

आता आपल्या तीन भावांची वही उघडू. यातले फीचे ३,००० खरे आहेत, बाकीचे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत.

कागदपत्रांच्या नकला: ५०० रुपये
जमिनीची मोजणी, नियमित: ३,००० रुपये
मजुरी आणि खुणांचे दगड: १,५०० रुपये
इमारतीची मापे, नकाशे आणि किमतीचा अंदाज: ३०,००० रुपये
मजबुतीची तपासणी: २५,००० रुपये

एकूण ६०,००० रुपये झाले. दहावा भाग, म्हणजे ६,००० रुपये, अडीअडचणीसाठी राखून ठेवा. बेरीज ६६,०००. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकिलाची फी यांचे पान वेगळे ठेवा. तो पैसा मोजणीच्या पैशात मिसळू नका.

हे ६६,००० भरावयाचे कोणी? समान भरले तर प्रत्येकी २२,००० येतात. पण समजा, किमतीप्रमाणे थोरल्याचा हिस्सा शेकडा ४०, मधल्याचा ३५ आणि जिने चढणाऱ्या धाकट्याचा २५ ठरला. मग वाट्याला येतात २६,४००, २३,१०० आणि १६,५००. पण गंमत अशी की हा शेकडा मोजणी झाल्याशिवाय कळतच नाही! म्हणून सोपी रीत ही: आरंभी तिघांनी समान २२,००० काढावे आणि शेवटी हिशेब फिरवावा. सगळी रक्कम खर्च झाली असे धरले तर थोरल्याने ४,४०० आणि मधल्याने १,१०० आणखी द्यावे, धाकट्याला ५,५०० परत मिळावे. हे अगोदर कागदावर लिहून तिघांनी सह्या कराव्यात. मागाहून मागितलेला रुपया मनाला फार टोचतो.

आणि क्रम चुकवू नका. आधी जमीन, मग इमारत, शेवटी दस्त. जिना हातभर शेजाऱ्याच्या जागेत गेला आहे हे दस्त नोंदवल्यावर कळले तर नकाशा, किंमत, शेकडा सगळेच पुन्हा मांडावे लागते आणि खर्च दुप्पट होतो.

खेड्यातल्या श्रोत्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. गावठाणातल्या घरांना पुष्कळदा सातबारा नसतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकतींचे कागद तयार होतात. आपल्या गावची मोजणी झाली आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारा. आपल्या घराचा नकाशा बरोबर आहे ना, हे वाटणीच्या आधी पाहा.

गुरुजींना शेवटी एक विनंती. क्षेत्रफळाचा धडा शिकवताना मुलांच्या हाती टेप द्या आणि वर्गाची खोली एकदा आतून, एकदा बाहेरून मोजायला सांगा. दोन उत्तरे का आली, हे त्यांनाच शोधू द्या. संध्याकाळी ती मुले घरी जाऊन विचारतील, "बाबा, आपलं घर मोजलंय का?" वाटणीची वेळ येण्याआधी हा प्रश्न घरात निघाला, तर त्यासारखे चांगले काय?