लाळेतील व्याधी आणि प्रकाशाची साक्ष

वर्धा जिल्ह्यातील आर्वी-आष्टीसारख्या तालुक्यांच्या खेड्यांत तापाची साथ उद्भवली, म्हणजे प्रयोगशाळेपर्यंतचे अंतर हाच रुग्णापुढचा पहिला अडसर ठरतो. म्हणूनच शेजारच्या नागपुरातील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने कोरोनाकाळात, नाकात काडी न घालता, मिठाच्या पाण्याच्या गुळणीतून नमुना घेण्याची जी रीत सिद्ध केली आणि जिला २०२१ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मंजुरी मिळाली, तिचे मोल मोठे आहे.

गुळणीत विषाणूचा जनुकीय अंश असल्यास प्रयोगशाळेतील यंत्र त्याच्या प्रती आवर्तनागणिक जवळजवळ दुप्पट करीत जाते, आणि प्रतींबरोबर त्यांस जोडलेल्या रंजकाची दीप्तीही वाढते. ती जितकी लवकर प्रकटते, तितका विषाणूचा भार अधिक.

याहून सरळ मार्ग चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामाचा: लेसरचा किरण लाळेवर पडला असता विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रेणूंच्या कंपनांनुसार तरंगलांबी पालटतो, आणि त्यावरून संसर्गाने घडलेले रासायनिक बदल ओळखता येतात. मात्र अन्न, तंबाखू यांनीही लाळ पालटते. म्हणून विस्तृत रुजुवात आवश्यक आहे. ज्या जिल्ह्यात सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून ग्रामीण आरोग्याची दीक्षा देत आले, तेथील प्रत्येक उपकेंद्रात, अशी रुजुवात झाल्यावर, लाळेवरून निदानाची ही विद्या पोहोचली पाहिजे.