कॅरव्हॅनमधले पाळक

रोमा लोकांकडे ख्रिस्ताचा संदेश घेऊन जाणाऱ्यांची मोठी अडचण म्हणजे, चर्च रोमांच्या ओळखीचं होतं. नको इतकं ओळखीचं. सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे सरकत गेलेला हा समाज आजच्या रोमानियातल्या मोल्डाव्हिया आणि वालाखिया या संस्थानांत शतकानुशतकं गुलाम होता. मालकांमध्ये राजा आणि जमीनदारांच्या जोडीला ऑर्थोडॉक्स मठही होते. मठांकडचे गुलाम मोल्डाव्हियात 1844 मध्ये, वालाखियात 1847 मध्ये मोकळे झाले. खासगी मालकांकडच्यांना 1855-56 पर्यंत वाट पाहावी लागली.

पश्चिम युरोपात गुलामी नव्हती, हाकलून लावणं होतं. तिथे पुस्तकं घेऊन पोचला जॉर्ज बॉरो हा इंग्रज. बायबल सोसायटीचा हा प्रतिनिधी भाषांचा वेडा होता. स्पेनमधल्या रोमांच्या कालो बोलीत त्याने लूकच्या शुभवर्तमानाचा अनुवाद केला आणि 1837 मध्ये माद्रिदला छापला. पुस्तक रोमा बायकांना आवडलं, पण कारण वेगळंच. चोरीला निघताना खिशात ठेवायचा ताईत म्हणून त्यांना ते हवं असे, असं खुद्द बॉरोनेच लिहून ठेवलंय. पुढच्याच वर्षी माद्रिदच्या अधिकाऱ्यांनी त्याला काही दिवस तुरुंगात टाकलं. धर्मप्रचाराच्या इतिहासात ताईताच्या या कबुलीइतका प्रांजळ अहवाल क्वचितच सापडेल.

खरं वळण आलं ते फ्रान्समध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर. 1950 मध्ये लिझ्यू गावातल्या एका लहानशा पेन्टेकोस्टल मंडळीत एक मानूश कुटुंब आलं. मानूश ही रोमांचीच एक शाखा. त्यांच्या मुलाचं आजारपण हाताबाहेर गेलं होतं. त्याच्यासाठी प्रार्थना झाली आणि तो बरा झाला, असं कुटुंब सांगत राहिलं. खरं-खोटं कसंही असो, बातमी एका कॅरव्हॅनमधून दुसऱ्या कॅरव्हॅनमध्ये पोचत गेली. दोन वर्षांनी ब्रिटनी प्रांतातला एक तरुण पाळक, क्लेमाँ ल कोसेक, ब्रेस्टजवळ या कुटुंबांना बाप्तिस्मा देऊ लागला. तो स्वतः रोमा नव्हता. त्याचं खरं कर्तृत्व बाप्तिस्म्यांच्या आकड्यात शोधू नये. त्याने रोमांमधूनच पाळक घडवले. ज्यांना अक्षरओळखही नव्हती त्यांना बायबल वाचायला बसवलं आणि व्यासपीठ त्यांच्या हाती दिलं. कॅल्डेराश रोमांमधला नावाजलेला कादंबरीकार मातेओ माक्सिमॉफही पुढे पाळक झाला आणि त्याने आपल्या बोलीत नवा करार उतरवला. बाहेरच्याने केलेला कालो अनुवाद आणि घरच्याने केलेला हा अनुवाद यांच्यामध्ये सव्वाशेहून अधिक वर्षं गेली.

ही माणसं कशातून आली होती, हेही पाहायला हवं. 1912 च्या फ्रेंच कायद्याने भटक्यांना शरीराची मापं नोंदवलेली वही बाळगण्याची सक्ती केली. गावात आलं की ती पोलिसांना दाखवायची. आपल्याकडच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. (त्या कायद्याखालच्या भारतातल्या काही वसाहती चालवायला साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेकडे दिल्या गेल्या. मिशनरी कुंपणाच्या कुठल्या बाजूला उभा आहे, हा प्रश्न इथेही होताच.) 1940 मध्ये तर फ्रान्सने भटक्यांना छावण्यांत डांबलं. मोंत्रई-बेलेच्या छावणीतल्या नजरकैदेची जबाबदारी फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी मान्य केली ती 2016 मध्ये.

‘व्ही ए ल्युमिएर’, म्हणजे जीवन आणि प्रकाश, या नावाची ल कोसेकची ही चळवळ आज दरवर्षी लॉआर नदीकाठच्या नेव्हॉयजवळ मेळावा भरवते. हजारो कॅरव्हॅन, मोठा तंबू, गिटार, नदीकाठचे बाप्तिस्मे. आसपासच्या गावांचे महापौर पाणी आणि कचऱ्यावरून नियमितपणे कुरकुरतात.

स्पेनमध्ये हे लोण साठच्या दशकात पोचलं ते मजुरीसाठी फ्रान्सला गेलेल्या हितानो, म्हणजे स्पॅनिश रोमा, लोकांबरोबर. तिथल्या फिलाडेल्फिया मंडळीत भक्तिगीतं फ्लामेंकोच्या चालीवर गातात. ऐंशीच्या दशकात माद्रिदच्या झोपडवस्त्यांत हेरॉइनने तरुण मरू लागले, तेव्हा अनेक घरांना आधार वाटला तो याच प्रार्थनासभांचा. वैर असलेली कुळं एका छपराखाली बसू लागली. किंमतही मोजावी लागली: दारू, जुगार, भविष्य सांगणं बंद. भविष्य सांगून पोट भरणाऱ्या बाईला ही अट सोपी नव्हती. आणि पाळक फक्त पुरुषच. बायका गातात, साक्ष देतात, पण व्यासपीठ त्यांचं नाही.

कॅथलिक चर्चही जागं झालं. 1997 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी सेफेरिनो हिमेनेथ माल्या या रोमा घोडेव्यापाऱ्याला धन्यवादित घोषित केलं. स्पेनच्या यादवी युद्धात एका पाद्र्याला वाचवायला गेल्याने त्याला गोळ्या घातल्या होत्या. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमानियातल्या ब्लाज इथे भेदभावाबद्दल रोमांची माफी मागितली. दोन वर्षांनी ते स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहराच्या लुनिक नऊ या रोमा वस्तीत गेले. सालेशियन पंथाचे पाद्री तिथे वस्तीतच राहून मुलांना शिकवतात, तरुणांना कामाला लावू पाहतात. पोपच्या भेटीच्या वेळी या वस्तीतल्या अनेक घरांत गॅस, वीज किंवा नळाचं पाणी नव्हतं.