सालईचा धूप

दिवेलागणीला वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत गवरीच्या निखाऱ्यावर चिमूटभर धूप पडतो. बाळंतिणीच्या खोलीत धुरी होते, पावसाळ्यात गोठ्यातही धूर करतात. हा धूप येतो कुठून, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'किराणा दुकानातून!'

दुकानातल्या धुपात राळ, ऊद, गुग्गुळ असं बरंच काही मिसळलेलं असतं. त्यातला एक जिन्नस मात्र आपल्याच डोंगरातला आहे. तो म्हणजे सालईचा डिंक. अमरावतीचा मेळघाट आणि अकोल्याचा नरनाळा या भागातल्या कोरड्या, खडकाळ उतारांवर सालई वाढते. तिची साल राखट-हिरवी असून कागदासारखे पापुद्रे सुटतात. उन्हाळ्यात झाड निष्पर्ण उभं असतं. संस्कृतात तिला 'शल्लकी' म्हणतात. हत्तींना ती फार आवडते म्हणून 'गजभक्ष्या' हेही एक नाव. अरबस्तानातला प्रसिद्ध लोबान देणारं झाड हिचंच भावंडं.

हा लाडवातला डिंक नव्हे. तो धावड्या-बाभळीचा. सालईच्या चिकात राळ, डिंक आणि सुगंधी तेल असे तीन घटक असतात. निखाऱ्यावर दरवळतं ते हे तेल आणि राळ. आयुर्वेदात सांधेदुखीवर शल्लकी सांगितली आहे. आज तिच्या गोळ्याही मिळतात. मात्र त्या वैद्यांना, डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आणि बंद खोलीतला धूर, मग तो कितीही सुगंधी असो, तान्ह्या बाळाच्या छातीला बरा नव्हे.

एकेकाळी वर्तमानपत्राशीही सालईचं नातं होतं. मेळघाटापासून जवळच, मध्य प्रदेशातल्या नेपानगरला 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते वर्तमानपत्री कागदाच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तिथे बांबूबरोबर सालईचं लाकूडही वापरलं जाई.

डिंक काढायचा म्हणजे झाडाला जखम करायची. पावसाळा सरल्यावर जाड बुंध्याच्या झाडाची साल थोडीशी तासतात. चीक पाझरतो, थिजतो, मग तो खरवडून घेतात. काही दिवसांनी जखम थोडी वर वाढवतात. पाऊस आला की काम थांबतं. मोठं झाड वर्षाकाठी साधारण किलोभर डिंक देतं. जखम उथळ असेल आणि मध्ये विश्रांती मिळाली, तर साल पुन्हा भरून येते. पण जास्त डिंकाच्या लोभानं कुऱ्हाड खोल गेली, चहूबाजूंनी साल सोलली, तर झाड वाळतं. त्यात वणवा आणि चराई यांनी रोपं टिकत नाहीत. इथिओपियातल्या लोबानाच्या झाडांची हीच गत झाल्याचं संशोधकांनी 2019 साली दाखवून दिलं आहे.

2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. डिंक गोळा करणाऱ्याला किलोमागे रास्त भाव मिळाला, तर एकाच झाडाला ओरबाडण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही. पुढच्या वर्षीही तेच झाड आपल्याला हवं आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पुढच्या वेळी धूप घेताना, तो कशाचा आहे आणि कुठून आला, एवढं तरी दुकानदाराला विचारू या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)