मापात पाप आणि पोलिसाचे जाकीट

राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा आला; २००५ साली केंद्राचा आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात शहीद झालेले हेमंत करकरे यांचे बुलेटप्रूफ जाकीट गहाळ झाल्याचे २००९ मध्ये याच अधिकारामुळे उजेडात आले. जाकीटच नाही, तर माल कसा होता हे तपासायचे कशावरून?

मुळात 'बुलेटप्रूफ' हा शब्द अर्धवट आहे. अरामिड कापडाचे अनेक थर गोळीचा जोर पसरवून तिला अडवतात, पण ती पिस्तुलाची असेल तर. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने येते, एके-४७ ची ७०० मीटरने. नागरिकांना परवान्यावर मिळणारी .३१५ बोअर रायफलसुद्धा नुसते कापड भेदते. रायफलसाठी आत पोलादाची किंवा सिरॅमिकची पाटी लागते. तरीही मान आणि हात उघडेच राहतात.

म्हणून कोणत्या गोळीसाठी कोणते जाकीट, हे आयएस १७०५१ या २०१८ च्या भारतीय मानकात पातळीवार ठरवले आहे.

आपल्यातले कोणी असा माल शिवत वा पुरवत असतील, त्यांनी पातळी लेखी घ्यावी आणि नमुना एक, माल दुसरा असे करू नये. दुकानात मापात पाप झाले तर गिऱ्हाइकाचा पैसा जातो, इथे जीव जातो. सूरह मुतफ्फिफीनमधील इशारा केवळ तराजूपुरता नाही, असे आम्ही समजतो.