संगणकावरील ग्रंथालय आणि आपला विद्यार्थी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला राजगृह बांधले, तेव्हा ग्रंथसंग्रहाचा विचार आधी केला. जतसारख्या दुष्काळी तालुक्यातील मुलाला तसा संग्रह घरी कुठून मिळणार? परंतु आज त्याच्या हातातील मोबाईलवर मोठमोठी ग्रंथालये उघडतात. अडचण आहे ती त्यांत शिरावे कसे, याची. कला शाखेतील विद्यार्थ्यांसाठी ही माहिती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

प्रथम दोन शब्दांतील फरक समजून घेऊ. क्रोम, फायरफॉक्स, एज हे ब्राउझर होत. ब्राउझर म्हणजे संकेतस्थळ उघडून दाखविणारे साधन. गूगल हे शोधयंत्र आहे. कोणत्या पानावर काय आहे याची ते सूची ठेवते. स्थळाचा पत्ता ठाऊक असेल तर तो वरच्या पट्टीत लिहावा, शोधत बसू नये. उपयोगी पान सापडले की 'बुकमार्क' करून ठेवावे.

आता आपल्याच गावाचे उदाहरण घेऊ. जत संस्थानाचा इतिहास हवा म्हणून विद्यार्थी इंग्रजीत जे, ए, टी ही तीन अक्षरे लिहितो आणि उत्तरेकडील जाट समाजाची माहिती समोर येते. यात यंत्राचा दोष नाही. विचारले तेच ते देते. इंग्रजी अमदानीतील ग्रंथांत आपल्या गावाच्या नावाला शेवटी एच हे अक्षर जोडलेले आढळते. तसे लिहून पुढे 'स्टेट' किंवा राजघराण्याचे 'डफळे' हे आडनाव जोडावे. जत ही साताऱ्याच्या जहागिरींपैकी एक होती आणि पुढे तिचा कारभार विजापूर एजन्सीकडे होता. म्हणून ही दोन्ही नावेही घालून पाहावीत. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. १९५५ सालचा कागद 'सांगली जिल्हा' या नावाखाली शोधून कसा मिळेल? ज्या काळाचा शोध, त्या काळाचे नाव वापरावे.

आणखी दोन युक्त्या. शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत घातला की तो जसाच्या तसा असलेली पाने मिळतात. नको असलेल्या शब्दाआधी जागा न सोडता वजाचे चिन्ह दिले की तो असलेली पाने वगळली जातात.

शोधायचे कोठे? सामान्य माहितीसाठी मराठी विश्वकोश पाहावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला सिद्ध झालेला हा कोश आता विनामूल्य वाचता येतो. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' हे स्थळ आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील प्रबंधही तेथे आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या स्थळावर आहेत. जुने, दुर्मिळ ग्रंथ 'इंटरनेट अर्काइव्ह'वर मिळतात. ग्रंथ उघडल्यावर कंट्रोल आणि एफ या कळा एकत्र दाबून हवा तो शब्द शोधावा. मात्र अनेक जुनी मराठी पुस्तके ही पानांची छायाचित्रे असतात. त्यांत शब्द सापडला नाही म्हणून तो नाहीच असे समजू नये. अनुक्रमणिका पाहून पाने चाळावीत.

सर्वांत महत्त्वाचे सांगायचे ते पुढेच आहे. जयंतीच्या फलकांवर आणि मोबाईलवरील संदेशांत बाबासाहेबांच्या नावाने वाटेल ती वाक्ये फिरतात. ग्रंथाचे नाव नाही, साल नाही, पान नाही. त्यांच्या प्रसिद्ध त्रिसूत्रीचेच पाहा. 'शिका' या शब्दानंतर आपल्याकडे संघटनेचा शब्द आधी येतो व संघर्षाचा नंतर. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित वर्ग परिषदेतील इंग्रजी भाषणात मात्र चळवळीचा शब्द आधी आहे आणि संघटनेचा शेवटी. हा क्रम का बदलला, यावर एखादा विद्यार्थी उत्तम निबंध लिहू शकेल. पण त्यासाठी मूळ पान त्याने स्वतः पाहिले पाहिजे. शोधयंत्राच्या माथ्यावर हल्ली यंत्राने रचलेले तयार उत्तरही येते. तो पुरावा नव्हे. फार तर कोठे पाहावे याची खूण.

म्हणून वहीत प्रत्येक टिपणाखाली लेखक, ग्रंथ, खंड, प्रकाशन वर्ष, पृष्ठ आणि पाहिल्याची तारीख लिहावी. पृष्ठांक पडद्यावरचा नव्हे, छापील पानावरचा घ्यावा.

बाबासाहेबांनी प्रत्येक मुद्दा आधार देऊन मांडला, म्हणून विरोधकांनाही त्यांचे म्हणणे विचारात घ्यावे लागले. त्यांच्या नावाने खोटे वाक्य पुढे ढकलणे हा त्यांच्या विद्वत्तेचा अवमान आहे. आपल्या मुलांनी "हे कोठे लिहिले आहे?" असे विचारावयास शिकावे, आणि प्रश्न आम्हा वडीलधाऱ्यांना असला तरी विचारावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.