पट्टा सांगतो तेवढाच गुडघा वाकतो का?

गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर रुग्ण तपासणीसाठी जातो, तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : गुडघा किती वाकतो? ९० अंशांच्या आसपास वाकत असेल तर खुर्चीतून उठणे, जिना उतरणे जमू लागते. काही आठवडे उलटूनही त्याहून बराच कमी वाकत असेल, तर कधी कधी भूल देऊन तो वाकवून मोकळा करावा लागतो. त्यामुळे पाच-सात अंशांचा फरक इथे किरकोळ नसतो.

फिजिओथेरपिस्ट हे माप गोनिओमीटरने घेतात. दोन पट्ट्या आणि मध्ये कोनमापक, इतके ते साधे साधन. पण दोन जाणकारांनी एकच गुडघा मोजला, तरी पाचेक अंशांची तफावत सहज पडते. शिवाय हे माप टेबलावर निजलेल्या रुग्णाचे. घरी तो कसा चालतो ते त्यातून कळत नाही. म्हणून आता मांडीला आणि पोटरीला पट्ट्याने बांधायचे छोटे सेन्सर आले आहेत.

त्यांच्या पोटात असते ते जवळपास स्मार्टफोनमध्येही असते. जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो. त्या वेगाची बेरीज करत कोन काढायचा, तर प्रत्येक क्षणाची बारीकशी चूकही बेरजेत जमा होते आणि आकडा हळूहळू सरकतो. ही चूक अ‍ॅक्सेलरोमीटर सावरतो, कारण गुरुत्वाकर्षणामुळे त्याला ‘खाली’ कुठे ते ठाऊक असते. मात्र माणूस उभ्या उभ्या स्वतःभोवती फिरला, तर ‘खाली’ बदलत नाही. तिथे त्याचा उपयोग नाही. मग होकायंत्रासारखा चुंबकीय सेन्सर मदतीला घेतात आणि तो लोखंडी खाटेजवळ भरकटतो.

खरी अडचण याहून साधी आहे. सेन्सर हाडावर नसतो, कातडीवर असतो. पाऊल जमिनीवर आदळले की मांडीचा स्नायू थरथरतो, कातडी सरकते आणि सेन्सर त्यालाही हालचाल समजतो. हा फरक तपासण्यासाठी १९९०च्या दशकात संशोधकांनी काही स्वयंसेवकांच्या हाडांत चक्क पिना बसवून त्यांना चालायला लावले होते! प्रयोगशाळेत सेन्सरची तुलना इन्फ्रारेड कॅमेरे आणि अंगावर चिकटवलेल्या चमकत्या खुणांशी करतात. पण त्या खुणाही कातडीवरच असतात. कसोटीचा दगडही थोडा हलताच म्हणायचा.

तरीही चित्र बरेच स्पष्ट आहे. चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो. त्यात चार-पाच अंशांची चूक चालून जाते आणि चांगले सेन्सर साधारण तेवढ्यात राहतात. गुडघ्याचे आत-बाहेर झुकणे किंवा पिळणे मात्र मुळातच थोड्या अंशांचे. तिथे तेवढीच चूक मापाचा मोठा भाग खाऊन टाकते. पट्टा मांडीभोवती थोडा तिरका बसला, तर वाकण्यातला काही भाग पिळण्याच्या खात्यात जातो. त्यामुळे ‘गुडघा आत वळतो’ असे निव्वळ अ‍ॅप सांगत असेल, तर घाबरून जाण्याआधी फिजिओथेरपिस्टला पाय दाखवावा.

घरी पट्टा वापरणाऱ्यांनी तो रोज त्याच जागी, तसाच घट्ट बांधावा आणि अ‍ॅप सांगेल तितका वेळ ताठ, स्तब्ध उभे राहावे. शून्य अंश कुठे, हे यंत्र तेव्हाच ठरवते. या आठवड्याचा आकडा त्याच पट्ट्याच्या गेल्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून पाहावा. दवाखान्यात गोनिओमीटरने ८८ आले आणि घरी पट्ट्याने ९३ दाखवले, तर गुडघा पाच अंशांनी सुधारलाच असे नाही.