अँड्रॉइड अद्यतनांचे वितरण

अँड्रॉइड अद्यतनांचे वितरण म्हणजे अँड्रॉइड या संचालन प्रणालीच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा दुरुस्त्या वापरकर्त्याच्या स्मार्टफोनपर्यंत पोहोचवण्याची प्रक्रिया होय. आयफोनची अद्यतने ॲपल स्वतः थेट पुरवते. अँड्रॉइडच्या बाबतीत प्रणाली, चिप आणि फोन यांचे निर्माते बहुधा वेगवेगळे असतात. त्यामुळे एकच दुरुस्ती निरनिराळ्या फोनांवर निरनिराळ्या वेळी पोहोचते.

टप्पे

गूगल अँड्रॉइडची मूळ आज्ञावली खुली करते. क्वालकॉम, मीडियाटेक यांसारख्या कंपन्या आपापल्या चिपसाठी लागणारे ड्रायव्हर पुरवतात. सॅमसंग, शाओमी आदी उत्पादक त्यात स्वतःच्या सुविधांची भर घालून प्रत्येक मॉडेलवर चाचण्या घेतात. अमेरिकेत अनेक फोन दूरसंचार कंपन्यांमार्फत विकले जातात. तेथे व्हेरायझन, एटी अँड टी यांसारख्या कंपन्याही आपल्या जाळ्यावर अद्यतन तपासून संमती देतात. भारतात बहुतेक फोन दूरसंचार कंपनीशी न जोडता विकले जात असल्याने हा टप्पा सहसा आड येत नाही.

तयार अद्यतन इंटरनेटवरून आधी थोड्या फोनांवर पाठवले जाते व गंभीर दोष न आढळल्यास इतरांवर. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन फोनांवर ते वेगवेगळ्या दिवशी येऊ शकते. ते बसवण्यापूर्वी फोन त्यावरील अंकीय स्वाक्षरी पडताळतो. वाटेत फेरफार झालेले अद्यतन नाकारले जाते.

विलंब आणि सुरक्षा

२०१५ मध्ये स्टेजफ्राइट हा दोष उघडकीस आला. खास रचलेल्या मल्टिमीडिया संदेशाद्वारे फोनमध्ये शिरकाव करणे त्यामुळे शक्य होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगल दरमहा सुरक्षा पत्रक प्रसिद्ध करू लागली. दोष जाहीर झाला की तो हल्लेखोरांनाही कळतो. म्हणून पत्रक निघाल्यापासून दुरुस्ती फोनवर बसेपर्यंतचा काळ विशेष जोखमीचा असतो.

सुधारणा

२०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रेबल’द्वारे चिपशी निगडित भाग मूळ प्रणालीपासून वेगळा करण्यात आला. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही घटक गूगल प्लेमार्फत थेट अद्ययावत होऊ लागले.

आधाराची मुदत

उत्पादक ठरावीक मुदतीपर्यंतच अद्यतने देतात. पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (२०२४) या मालिकांसाठी ७ वर्षांची मुदत जाहीर झाली. अनेक स्वस्त फोनांची मुदत याहून बरीच कमी असते. मुदत संपल्यावरही फोन चालू राहतो, परंतु नव्याने सापडलेले दोष त्यात सहसा तसेच राहतात. फोनवर बसलेल्या शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीचा दिनांक सेटिंग्जमध्ये पाहता येतो.